पळ बे, पळ

नागपूरचा प्रेक्षक पडद्यावरच्या माणसाला एकटं पडू देत नाही. नायिका मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली की मागच्या रांगेतून आवाज येतोच, "काहून जाते वो बाई तिकडे? काही काम हाये का तुझं?" लहानपणी सदरच्या लिबर्टीत पहिला इंग्रजी सिनेमा पाहिला, तेव्हा त्यातलं इंग्रजी मला ओ की ठो कळलं नव्हतं. गोष्ट कळली ती मागे बसलेल्या दोघांच्या बोलण्यावरून. आता कळतं की त्यातली अर्धी त्यांनी मनानेच रचली होती, आणि मूळ गोष्टीपेक्षा ती बरी होती.

त्यामुळे भीतीचा सिनेमा मी घरी एकट्याने पाहत नाही. रिकाम्या थेटरातही नाही. माणसं कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे मोबाईल काढतात, हे पाहण्यात माझा अर्धा जीव असतो. बायको म्हणते, तुझ्यासाठी पडदा उलटा लावायला पाहिजे.

२०२५च्या जूनमध्ये '२८ इयर्स लेटर' लागला. भाचा इथेच इंजिनिअरिंगला आहे, तो आणि त्याचे चार मित्र निघाले होते. तिकिटाचे पैसे मी देतो म्हटल्यावर मलाही सोबत घेतलं. रात्रीचा शो, आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, नुसती चिकचिक. आत थेटर पाऊण भरलेलं, बहुतेक पोट्टेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००२ साली डॅनी बॉइलने '२८ डेज लेटर' काढला. लेखन अ‍ॅलेक्स गारलँडचं. इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेतून माकडांमधला एक विषाणू सुटतो. रक्तातून, लाळेतून जातो आणि दहा-वीस सेकंदांत माणसाचं माणूसपण संपवतो, उरतो तो नुसता संताप. म्हणून त्याचं नावच रेज. ही माणसं मेलेली नसतात, आजारी असतात, आणि धावतात. बिचाऱ्या झोंबींना तोवर लंगडत चालायचीच सवय होती. २००७ साली पुढचा भाग आला, '२८ वीक्स लेटर'. मग मध्ये महिने गाळून थेट वर्षांवर उडी. महिने कुठे गेले, हा प्रश्न आमच्या रांगेत नाव पडद्यावर आलं तेव्हाच विचारला गेला.

दुसरा प्रश्न त्याहून रास्त होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी ही धावणारी गर्दी पॅरिसला आयफेल टॉवरपाशी पोचलेली दाखवली होती. तिसऱ्याच्या सुरुवातीला एका ओळीत सांगून टाकतात की युरोपातून साथ मागे रेटली, आता फक्त ब्रिटन बेटच वाळीत टाकलेलं आहे. भाच्याच्या पलीकडचा पोरगा मोठ्याने म्हणाला, "अबे, एका लायनीत निपटवलं? आपल्याकडे दोन वर्षं लागली!" सगळे हसले. मीही हसलो.

मग सिनेमा सुरू झाला आणि टीकाटिप्पणीही. लिंडिस्फार्न नावाचं खरोखरचं बेट आहे इंग्लंडच्या ईशान्येला. भरती आली की त्याला जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. तिथे वाचलेली माणसं गाव करून राहतात. एक बाप आपल्या बारा वर्षांच्या पोराला पहिली शिकार करायला मुख्य भूमीवर घेऊन जातो. जमिनीवर सरपटत किडे खाणारे लठ्ठ रोगी दिसले तेव्हा, "हे आपल्या मेसमधले." 'अल्फा' म्हणून एक धिप्पाड, उघडाबंब रोगी येतो, हाताने मणक्यासकट मुंडकं उपटतो. त्याच्यावर, "हा जिमवाला निघाला बे." सिनेमाचा बराच भाग आयफोनवर चित्रित केलाय हे कुणाला तरी ठाऊक होतं. "मग तिकीट काहून कमी नाही केलं?"

बाप-लेक परत आल्यावर गावात जल्लोष होतो. बाप दारू पिऊन पोराच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो, एकाचे चार करून. पोरगा खाली मान घालून बसलेला, कारण त्याला माहीत आहे की आपण घाबरलो होतो. थेटरातून, "बाप हाये, फेकनच." इथेही हशा. मध्यंतरात मुतारीत दोघं जण भांडत होते, एकाच्या मते दिमाग का दही झालं होतं, दुसऱ्याच्या मते खरा पिक्चर आता सुरू होणार होता.

दुसऱ्याचं बरोबर निघालं. त्या पोराची आई आजारी आहे, तिचं डोकं ताळ्यावर नसतं. पलीकडे कुणी डॉक्टर आहे असं कळल्यावर तो तिला घेऊन चोरून निघतो. डॉक्टर म्हणजे राल्फ फाइन्स. विषाणूपासून वाचायला अंगभर आयोडिन फासलेला, त्यामुळे हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा. त्याने इतक्या वर्षांत मेलेल्यांची हाडं गोळा करून, उकळून, स्वच्छ करून त्यांचे खांब उभे केलेत, आणि मधोमध कवट्यांचा मनोरा. रोगी आणि निरोगी असा भेद नाही, सगळ्यांची हाडं. तो आईला तपासतो आणि सांगतो, कर्करोग आहे, अंगभर पसरलाय. इतका विषाणू, इतकी पळापळ, आणि बाई मरणार कशाने, तर ज्याने आपल्या गल्लीतल्या बाया मरतात त्याने. तो तिला शांतपणे मरू देतो. मग पोराच्या हातात तिची स्वच्छ केलेली कवटी देतो आणि म्हणतो, जागा तू निवड. पोरगा मनोऱ्यावर चढतो, सगळ्यात वर, उगवतीकडे तोंड करून तिला ठेवतो.

थेटरात कुणीही काहीही बोललं नाही. मघापासून बडबडणाऱ्या त्या पोराचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात तसाच राहिला होता. आपल्याकडे अस्थी सावडणं काय असतं हे त्या रांगेतल्या किती जणांना वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कळलं असेल, याचा मी हिशेब करत होतो. २०२१च्या एप्रिलमध्ये ही सगळी पोरं त्याच वयाची होती.

शेवट मात्र आमच्या डोक्यावरून गेला. रंगीत ट्रॅकसूट आणि पांढरट केसांचे टोप घातलेली एक टोळी येते आणि कोलांट्या मारत मारामारी करते. "हे पॉवर रेंजर कुठून आले बे?" थेटर फुटलं. मी घरी येऊन शोधलं. ब्रिटनमध्ये जिमी सॅव्हिल नावाचा टीव्हीवरचा एक लाडका माणूस होता, तो २०११ साली वारला आणि नंतर उघड झालं की त्याने आयुष्यभर लहान मुलांवर अत्याचार केले होते. टोळीचा वेश त्याचा. सिनेमातलं जग २००२ मध्येच थांबलंय, म्हणून तिथल्या पोरांच्या लेखी तो अजून देवमाणूस आहे. लंडनच्या प्रेक्षकाच्या अंगावर तिथे काटा आला असणार, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यात आमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येक गावाचे काटे वेगळे.

बाहेर टपरीवर चहा पिताना भाच्याने विचारलं, "मामा, तू आधीचे पाह्यले का?"

पाहिले होते. दुसरा तर विसरू शकत नाही असा पाहिला होता.

साल २००८. हॉस्टेलची खोली, दोन खाटा जोडून त्यावर आठ जण, समोर कुणाचा तरी डबडा संगणक. कॉपी सीताबर्डीच्या फुटपाथवरची. '२८ वीक्स लेटर'ची सुरुवात अशी आहे: खेड्यातल्या एका बंद घरात काही माणसं मेणबत्तीच्या उजेडात लपून बसलीत. त्यांत डॉन आणि त्याची बायको अ‍ॅलिस. त्यांची दोन्ही मुलं देशाबाहेर सुखरूप आहेत. एक अनोळखी पोरगा दार ठोठावतो, त्याला आत घेतात, आणि त्याच्या मागावर असलेले रोगी घरात घुसतात. अ‍ॅलिस त्या पोराला सोडून यायला तयार नाही. डॉन खोलीच्या दारात उभा, ती पलीकडे, मध्ये रोगी. ती त्याच्याकडे पाहते. तो दार ओढून घेतो आणि खिडकीतून उडी मारतो.

आणि पळतो. हिरव्यागार माळावरून, मागे शे-पन्नास धावणारे. मागे वळून पाहतो तर वरच्या खिडकीत बायको काचेवर हात मारतेय. तो थांबत नाही.

आम्ही आठही जण खाटेवर उभे राहिलो होतो. "पळ बे, पळ! पळ!" नदीवरच्या होडीचं इंजिन चालू होईना तेव्हा आमचा एक मित्र तोंडाने किक मारत होता. होडी सुटली आणि आम्ही शिट्ट्या मारल्या.

पाच मिनिटांत आमचा रंग पालटला. गोष्ट पुढे सरकते. रोगी उपासमारीने मेलेत, अमेरिकी सैन्य लंडनमध्ये लोकांना पुन्हा वसवतंय, डॉनची मुलं परत येतात. आई कशी गेली, असं विचारतात. तो सांगतो, माझ्या हातात काही नव्हतं, मी तिला जाताना पाहिलं. रडतो. आमच्या खोलीत त्याला ज्या शिव्या पडल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. हलकट ही त्यातल्या त्यात छापण्याजोगी. सिनेमा संपल्यावर रात्री दोनपर्यंत चर्चा चालली की त्याच्या जागी तू असतास तर? आठही जण थांबणार होतो. एकाचंही लग्न झालेलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये व्हरायटी चौक रिकामा पाहिला तेव्हा मला पहिल्या भागातलं रिकामं लंडन आठवलं. सगळ्यांनाच आठवलं असेल, त्यात विशेष काही नाही. मला जास्त आठवत होते ते वीस सेकंद. सिनेमातल्या रोगाचा तो एक उपकार आहे, वीस सेकंदांत कळतं. आपल्याला चौदा दिवस मोजावे लागायचे. घरात कुणी खोकलं की बोटांवर हिशेब सुरू व्हायचा: भाजीवाला कधी आला होता, लिफ्टमध्ये कोण होतं. दुसऱ्या लाटेत नागपुरात इतरांच्या आधी, १५ ते २१ मार्चला कडक टाळेबंदी लागली, आणि तिचा फारसा उपयोग झाला नाही हे एप्रिलमध्ये दिसलं.

एप्रिलमध्ये काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. महाल भागातलं आमचं जुनं घर, तिथे काका-काकू दोघंच. दोघांनाही कोरोना झाला होता, काकूला घरीच ठेवायला सांगितलं. त्यांची मुलगी पुण्यात, तिलाही ताप. राहिलो मी. खाट मिळेपर्यंतची धावपळ मी केली, ती कुणालाही सांगतो, खूपदा सांगितलीय. चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डातून फोन आला. पेशंट जेवून नाही राहिले, किट घालून घरचा एक माणूस पाच मिनिटं वर येऊ शकतो. मी येतो म्हणालो. गेलो. गेटाशी कडुनिंबाच्या सावलीत स्कूटर लावली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, बायकोला आदल्या रात्री कणकण वाटत होती. त्या दाराकडे पाहत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग दलियाचा डबा आणि शहाळ्याच्या पाण्याची बाटली गार्डच्या हातात दिली, वॉर्ड नंबर सांगितला आणि स्कूटर वळवली.

हे मी फारसं सांगत नाही.

रात्री साडेतीनला फोन आला. सकाळी घाटावर मी आणि एक चुलत भाऊ, लांब उभे. पांढऱ्या किटमधल्या चौघांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उचललं, ठेवलं. त्यांच्या हाताला घाई होती पण हिसका नव्हता, एवढं मला दिसलं. चेहरा दिसला नाही. कुणालाच दाखवत नव्हते. काकूचा फोन आला. घरात एकटी होती, ताप होता.

"चेहरा पाह्यला का रे बाबू?"

"पाहिला," मी म्हणालो. "शांत होता. झोपल्यासारखा."

"बरं झालं," ती म्हणाली.

तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे सांगते. आमच्या बाबूने पाह्यलं, झोपल्यासारखे दिसत होते. मी तिथे असलो तर माझ्याकडे बघते, मी मान हलवतो.

२०२५ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काकूकडे गेलो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बाहेरगावच्यांना हे समजावून सांगताना नेहमी दमायला होतं. कागद-बांबूच्या दोन अवाढव्य बाया, काळी आणि पिवळी. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते, सोबत पुढाऱ्यांवर, महागाईवर टोमणे मारणारे बडगे म्हणजे पुतळे, आणि हजारो घसे एकसाथ ओरडतात, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग गावाबाहेर नेऊन तिला जाळायचं. पुढच्या वर्षी ती पुन्हा येते आणि रोगराईही. सीक्वेल म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. कोरोनाच्या साली मात्र नेहमीसारखी मिरवणूक निघाली नव्हती. ज्या वर्षी तिची खरी गरज, त्याच वर्षी बाई घरात.

भाचा घसा बसेपर्यंत ओरडून आला. दुपारी काकूच्या समोरच्या खोलीत पंख्याखाली आडवा झाला आणि त्याने लॅपटॉपवर दुसरा भाग लावला. मी नको म्हणालो असतो, पण कारण काय सांगणार होतो? काकू परातीत गवार घेऊन निवडायला बसली. तिला इंग्रजी येत नाही. भीतीचे सिनेमे तिला आवडत नाहीत असंही नाही, तिच्या मते त्यांत रडारड कमी असते.

मेणबत्तीचं घर. दार ठोठावणारा पोरगा. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, काकूकडे पाहत होतो.

"हा कोण? नवरा काय तिचा?"

"हो आजी."

डॉनने दार ओढलं. खिडकी. माळ. वरच्या खिडकीत अ‍ॅलिस. भाचा बसक्या घशाने ओरडलाच, "पळ बे, पळ!" आणि मग आमच्या हॉस्टेलचंच वाक्य, जणू त्याला कुणी वारशात दिलं होतं, "कसला नवरा हाये आजी! बायकोला सोडून पळाला!"

काकूने शेंगेचं देठ मोडलं. "मग काय करन तो? थांबला असता तं दोघंही गेले असते. पोरं हायेत ना त्यांना?"

"दोन."

"मग. पळाला ते बरं केलं."

इतक्या साधेपणाने म्हणाली की भाचा तिच्याकडे बघतच राहिला. मी उठून पाणी प्यायलो. माठातलं पाणी गार होतं, मी दुसरा पेलाही भरला. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या आठ जणांना ही बाई भेटायला हवी होती, असं वाटलं. आणि गेटाजवळच्या कडुनिंबाचं सांगून टाकावं, आत्ताच, असंही वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं.

परत आलो तेव्हा लंडन वसत होतं आणि डॉन मुलांसमोर रडत होता.

"आता काय सांगून राहिला?" काकूने विचारलं.

"आई मेली म्हणते. म्हणे मी पाह्यलं, माझ्या हाती काही नव्हतं."

काकूचे हात थांबले. चष्मा नाकावर सरकवून तिने त्या रडणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं.

"हे काहून खोटं बोलते? भेव वाटलं म्हणून पळालो, असं सांगायचं. पोरं काय समजत नाहीत काय?"

मी गवारीची एक शेंग उचलली आणि निवडायला लागलो. ती निवडलेल्यांतली होती. भाच्याने सिनेमा थांबवला, त्याला पुढचं सांगायची घाई झाली होती.

"आजी, खरी गंमत पुढे हाये. ती बायको मेलेलीच नसते. जिवंत सापडते."

"जिवंत हाये?"

"हो ना."

"अगं बाई," काकू म्हणाली. परात तिने थोडी माझ्याकडे सरकवली. "मग तं आता त्याला सांगावंच लागन."

भाच्याने बटण दाबलं.